रानपिंगळ्याच्या फोटोला ठिकाण जोडायचे आहे : जुना डीएसएलआर आणि जीपीएस रिसीव्हर

गोमाईकाठ (शहादा), धागाकर्ता

सर्व सभासदांना नमस्कार.

मी शहाद्याचा राहणारा असून सुटीच्या दिवशी तोरणमाळच्या पायथ्याच्या आणि तळोद्याकडच्या रानात पक्ष्यांचे फोटो काढतो. माझ्याकडे निकॉनचा डी २०० हा जुना कॅमेरा आहे आणि काकांनी दिलेला गार्मिनचा पिवळा ईट्रेक्स रिसीव्हर आहे. ज्या क्षणी फोटो निघेल त्याच क्षणी अक्षांश-रेखांश त्या फोटोच्या एक्झिफ माहितीत (फाइलच्या आतच साठवलेल्या नोंदीत) आपोआप लिहिले जावेत, अशी माझी इच्छा आहे. डी २०० ला ही सोय मुळातच दिलेली आहे; पुढच्या बाजूच्या दहा पिनांच्या सॉकेटला एमसी ३५ ही निकॉनची केबल लावायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाला रिसीव्हरची संगणकाला जोडण्याची केबल लावायची, असे कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत लिहिले आहे. एमसी ३५ मला जुन्या वस्तूंत मिळाली. रिसीव्हरची केबल मात्र एका दुकानातून तयार करून घेतली आहे. सर्व जोडल्यावर कॅमेऱ्याच्या वरच्या पडद्यावर जीपीएसचे चिन्ह दिसायला हवे, ते दिसत नाही. रिसीव्हर स्वतः उपग्रह पकडतो आणि ठिकाणही बरोबर दाखवतो.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारण्याआधीच सांगतो. आपल्या भागातल्या रानपिंगळ्याची, म्हणजे रानातल्या एका छोट्या घुबडाची, हकिकत पुष्कळांना ठाऊक असेल. पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन केले आणि १८८० च्या दशकात खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथल्या रानातून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो कोणालाही दिसल्याची खात्रीची नोंद नव्हती. मधल्या काळात रिचर्ड मायनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपण १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवीला हा पक्षी मिळवल्याचा नमुना दाखवला. तो नमुना प्रत्यक्षात डेव्हिडसनचाच होता. संग्रहालयातून चोरून त्यावर नवे ठिकाण आणि नवी तारीख असलेली चिठ्ठी बांधलेली होती. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघड केली, खऱ्या नमुन्यांची ठिकाणे पुन्हा तपासली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना रानपिंगळा आमच्या शहाद्याजवळच दिसला. म्हणजे मधली ११३ वर्षे गेली. एका पक्ष्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर चुकीचे ठिकाण लिहिले की काय होते, ते आमच्या तालुक्याइतके क्वचितच कोणाला माहीत असेल. म्हणून माझ्या फोटोवरचे ठिकाण माझ्या आठवणीतून आलेले नसावे, असे मला मनापासून वाटते.

तरी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


भुसावळचा सिग्नल (भुसावळ)

भाऊ, आपला हेतू वाचून आनंद झाला. मी रेल्वेच्या दूरसंचार कामातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे कॅमेऱ्याविषयी फार बोलणार नाही, पण दोन यंत्रे एकमेकांशी बोलत नसतील तर काय पाहायचे हे सांगू शकतो.

आपला कॅमेरा एनएमईए ०१८३ या ठरलेल्या भाषेत बोलणाऱ्या रिसीव्हरचेच ऐकतो. या भाषेत रिसीव्हर दर एक-दोन सेकंदांनी साध्या अक्षरांतली काही वाक्ये पाठवतो. प्रत्येक वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होते, मग वाक्याचे नाव, मग स्वल्पविरामांनी तोडलेली वेळ, अक्षांश, रेखांश, उपग्रहांची संख्या, उंची अशी माहिती येते. वेग ४८०० बॉड (सेकंदाला ४८०० बिट), आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. रिसीव्हर मात्र कारखान्यातून निघताना बहुधा कंपनीच्या स्वतःच्या भाषेवर ठेवलेला असतो, आणि त्या भाषेत तो कोणी विचारल्याशिवाय स्वतःहून माहिती देत नाही. कॅमेरा विचारत नाही, तो फक्त ऐकत बसतो. त्यामुळे दोघेही गप्प राहतात. आपण रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये इंटरफेस या पानावर जाऊन तिथे एनएमईए निवडले आहे काय, ते प्रथम पाहावे.

ते केल्यावरही चिन्ह आले नाही, तर कॅमेरा बाजूला ठेवा. सीरियल पोर्ट असलेला एखादा जुना संगणक मिळवा, त्यावर टर्मिनलचा कोणताही प्रोग्रॅम ४८०० वर उघडा आणि रिसीव्हर दुसऱ्या, खात्रीच्या केबलने जोडा. डॉलरने सुरू होणाऱ्या ओळी धावताना दिसल्या तर रिसीव्हर निर्दोष आहे आणि दोष पुढे केबलमध्ये आहे. अर्थहीन अक्षरे दिसली तर वेग चुकला आहे. काहीच दिसले नाही तर भाषेचे सेटिंग तरी राहिले आहे किंवा तार तरी तुटली आहे. दोष कुठे आहे हे ठरवण्याआधी दोन्ही टोके एकदम हलवू नयेत, ही सवय मला नोकरीने लावली.


पांझरातीर (धुळे)

भुसावळच्या आप्पांनी सांगितलेली चाचणी अवश्य करा. माझे धुळ्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचे काम आहे आणि तयार करून घेतलेली केबल म्हटल्यावर माझा पहिला संशय तिच्यावरच जातो. नऊ पिनांच्या सीरियल जोडणीत २ आणि ३ या पिनांवर पाठवणे आणि घेणे असते, ५ क्रमांकावर ग्राउंड असते. रिसीव्हरची पाठवण्याची तार कॅमेऱ्याच्या घेण्याच्या तारेला मिळाली पाहिजे. केबल बनवणाऱ्याने २ आणि ३ उलटे केले, तर दोन्ही यंत्रे एकाच तारेवर बोलू पाहतात आणि दुसऱ्या तारेवर दोघेही ऐकत राहतात. मल्टिमीटर बीपवर लावून एका टोकाची प्रत्येक पिन दुसऱ्या टोकाच्या प्रत्येक पिनशी तपासा आणि कागदावर लिहून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.

एक इशारा मात्र आवर्जून देतो, कारण हा धागा पुढे दुसरेही वाचतील. आजकाल नखाएवढे जीपीएस मॉड्यूल काही शे रुपयांत मिळते आणि ते केबलच्या सीरियल पिनांना सरळ डाग देऊन जोडण्याचा मोह होतो. जुन्या सीरियल पोर्टवरचा संदेश धन आणि ऋण अशा दोन्ही विभवांत फिरतो, मॉड्यूलचा संदेश शून्य ते ३.३ व्होल्ट एवढाच असतो, आणि दोघांचे तर्कही (शून्य आणि एक यांच्या खुणा) एकमेकांच्या उलट असतात. मध्ये पातळी बदलणारी चिप न घालता एक दुसऱ्याला जोडले तर नशिबाने काम होणार नाही, आणि नशीब वाईट असेल तर यंत्र बिघडेल. शिवाय यांपैकी बरीच मॉड्यूल मुळात ९६०० वेगावर असतात, ती ४८०० वर आणावी लागतात. नुसता यूएसबी असलेला नवा रिसीव्हरही कॅमेऱ्याला थेट चालत नाही. यूएसबीत एक बाजू संगणकासारखी यजमान लागते, आणि हा कॅमेरा ती भूमिका घेत नाही.


वाघूर (जळगाव)

दादा, मोबाइल असताना हे सारे कशाला, असा माझा साधा प्रश्न आहे. नवे कॅमेरे ब्लूटूथने मोबाइलकडून ठिकाण घेतात. निकॉनने ही सोय २०१६ पासून दिली आहे.


गोमाईकाठ (शहादा)

आपला प्रश्न रास्त आहे. माझा कॅमेरा त्याआधीचा आहे आणि नवा घेणे मला सध्या शक्य नाही. मोबाइलला रानात रेंज नसते हे कारण मी पूर्वी देत असे, पण ते चुकीचे होते. मोबाइलमधला जीपीएस उपग्रहांचेच ऐकतो, त्याला रेंज लागत नाही. रेंज असली तर उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून लवकर मिळते आणि पहिले ठिकाण लवकर लागते, इतकाच फरक.


गिरणाथडी (चाळीसगाव)

मी पाटणादेवी आणि पितळखोरे या परिसरात लेणी व मंदिरांचे फोटो काढते. केबल नसतानाही फोटोला ठिकाण जोडता येते, आणि केबल असली तरी ही दुसरी पद्धत सोबत ठेवावी असे मी सुचवीन. रिसीव्हर पिशवीच्या खांद्याच्या पट्ट्यावर आकाशाकडे तोंड करून बांधायचा आणि दिवसभर त्याला चालल्या वाटेचा माग नोंदवू द्यायचा. घरी आल्यावर तो माग जीपीएक्स फाइल म्हणून संगणकावर घ्यायचा. एक्झिफटूल किंवा डिजीकॅम हे मोफत प्रोग्रॅम प्रत्येक फोटोची वेळ पाहतात, त्या वेळी आपण मागावर कुठे होतो ते काढतात आणि ते ठिकाण फोटोत लिहितात.

यात सगळा भरवसा कॅमेऱ्याच्या घड्याळावर असतो. ते घड्याळ महिनोन्‌महिने मागेपुढे सरकत जाते. म्हणून मी रानात शिरण्यापूर्वी पहिला फोटो रिसीव्हरच्या पडद्याचा काढते, ज्यावर उपग्रहाची वेळ सेकंदासह दिसते. मागच्या वेळी माझा कॅमेरा १ मिनिट ४७ सेकंद मागे होता. पायी चालताना त्याने शे-सव्वाशे मीटरची चूक होते. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीतून फोटो काढला असता तर ती पावणेदोन किलोमीटरांपेक्षा जास्त झाली असती. प्रोग्रॅमला हा फरक सांगितला की तो सर्व फोटोंना सारखा लावतो.

दुसरी चूक भारतात विशेष होते. मागातली वेळ जागतिक वेळेत असते आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. मी एकदा प्रोग्रॅममध्ये नुसते पाच तास भरले. सारे फोटो अर्धा तास सरकले आणि देवीच्या मंदिराचे फोटो डोंगरावरच्या वाटेवर जाऊन बसले. नकाशावर ठिपके वाटेवरच असल्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नव्हती. मंदिर मला पाठ होते म्हणून ती कळली.

लेण्याच्या आत मात्र कोणताही रिसीव्हर चालत नाही, आणि उंच कड्याखाली उपग्रहाचा संदेश खडकावर आपटून येतो म्हणून ठिकाण कित्येक मीटर इकडे-तिकडे उडते. अशा जागी मी दाराबाहेर मोकळ्या आकाशाखाली दोन मिनिटे थांबून ते ठिकाण वेगळे नोंदवते आणि आतल्या सगळ्या फोटोंना तेच देते. पाटणादेवीच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याची नोंद आहे. ती शिळा ज्या जागेविषयी बोलते त्या जागीच उभी होती, म्हणून तिला ठिकाण सांगावे लागले नाही. आपला फोटो मात्र काढल्या क्षणापासून जागा सोडून निघतो.


चोपड्याची ताई (चोपडा)

गिरणाथडी ताईंच्या पद्धतीत एक अडथळा मला आला, तो इथे नोंदवून ठेवते. मी एका जुन्या रिसीव्हरवर १७ नोव्हेंबर २०२४ ला यावल अभयारण्यात माग नोंदवला. घरी प्रोग्रॅमने एकाही फोटोला ठिकाण दिले नाही. फाइल उघडून पाहिली तर तिच्यात तारीख ३ एप्रिल २००५ अशी होती. वेळ मात्र सेकंदापर्यंत बरोबर होती. याचे कारण असे की, जीपीएस उपग्रह तारीख आठवड्यांच्या संख्येने सांगतात आणि जुन्या पद्धतीत ही संख्या १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्यावर येते. एप्रिल २०१९ मध्ये ती शून्यावर आली. ज्या रिसीव्हरच्या आतल्या प्रोग्रॅमला हे सांगितलेले नसते, तो बरोबर १०२४ आठवडे मागची तारीख दाखवतो. मी जीपीएसबेबल या प्रोग्रॅमने माग ७१६८ दिवस पुढे सरकवला आणि सर्व फोटो जागेवर बसले. ठिकाणावर या चुकीचा काहीही परिणाम होत नाही, केवळ तारखेवर होतो. पण नोंद म्हणून तीही तितकीच खोटी ठरते.


गोमाईकाठ (शहादा)

सर्वांचे मनापासून आभार. झालेले सविस्तर लिहितो.

आप्पा, इंटरफेसच्या पानावर कंपनीचीच भाषा होती. ती माझी चूक. एनएमईए निवडले तरी चिन्ह आले नाही, म्हणून गावातल्या एका मित्राच्या जुन्या संगणकावर त्याच्याकडच्या केबलने चाचणी केली आणि डॉलरच्या ओळी धावताना दिसल्या. मग मल्टिमीटर लावला, तर पांझरातीर भाऊंनी म्हटल्याप्रमाणे २ आणि ३ उलटे निघाले. ते बदलून पुन्हा डाग दिले. केबलच्या गोल टोकाची आट्यांची कडी कॅमेऱ्यावर फिरवून घट्ट केली, रिसीव्हर सुरू केला आणि काही सेकंदांत वरच्या पडद्यावर जीपीएस ही अक्षरे लुकलुकू लागली. मी अंगणात उभा होतो. लुकलुकणे थांबेपर्यंत मी हललो नाही.

लुकलुकत असताना काढलेल्या फोटोत ठिकाण लिहिले जात नाही, हे मला आधी माहीत नव्हते. रिसीव्हर बरेच दिवस बंद असेल, तर प्रत्येक उपग्रहाची कक्षेची माहिती घ्यायला त्याला वेळ लागतो. ती माहिती दर ३० सेकंदांनी एकदा पूर्ण येते आणि ठिकाण व उंचीसाठी किमान चार उपग्रह लागतात. झाडीत तो संदेश मध्येच तुटला की पुन्हा वाट पाहावी लागते. म्हणून आता मी गाडीतून उतरल्यावर मोकळ्या जागी आधी रिसीव्हर सुरू करतो आणि मग बूट बांधतो.

कॅमेऱ्याच्या मेनूत जीपीएसखाली आणखी एक सेटिंग आहे, ज्याने प्रकाशमापक आपोआप बंद व्हायचा की नाही ते ठरते. बंद होऊ दिला तर बॅटरी वाचते, पण पक्षी समोर आल्यावर कॅमेरा अर्धवट दाबून जागा करावा लागतो आणि रिसीव्हरशी बोलणे पुन्हा सुरू होईपर्यंत पहिला फोटो ठिकाणाविना जाऊ शकतो. मी तो सतत चालू ठेवला आहे आणि जादा बॅटरी बाळगतो.

केबल करवंदीच्या जाळीत दोनदा अडकली. आता ती कॅमेऱ्याच्या पट्ट्याला कापडी पट्टीने बांधली आहे, म्हणजे ताण सॉकेटवर न येता पट्ट्यावर येतो.


भुसावळचा सिग्नल (भुसावळ)

फार चांगले काम केलेत. एक गोष्ट राहिली. संगणकावर ज्या ओळी पाहिल्यात, त्यात अक्षांशाचे अंश आणि कला (अंशाचा साठावा भाग) एकमेकांना चिकटून लिहिलेले असतात. समजा तिथे २१४२.५ असे आले, तर त्याचा अर्थ २१ अंश ४२.५ कला, म्हणजे दशांशात २१.७०८३ अंश. कोणी घाईत त्याला २१.४२५ वाचले, तर ठिकाण दक्षिणेला ३१ किलोमीटरांहून जास्त सरकते. एक अंश अक्षांश सुमारे १११ किलोमीटर, एक कला सुमारे १.८५ किलोमीटर आणि एक विकला (कलेचा साठावा भाग) सुमारे ३१ मीटर, हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. कॅमेरा ही चूक करत नाही. फोटोतून आकडा हाताने उतरवून घेणारा माणूस करतो.


गोमाईकाठ (शहादा)

आप्पा, हीच चूक माझ्या जुन्या वहीत सापडली. तीन वर्षांपूर्वीच्या नोंदी मी रिसीव्हरच्या पडद्यावरून हाताने उतरवल्या होत्या आणि नंतर नकाशावर टाकताना कला दशांश म्हणून वाचल्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या सागवानातला पक्षी माझ्या नकाशात तापीकाठच्या कापसाच्या शेतात होता. अशा अकरा नोंदी आज दुरुस्त केल्या आणि प्रत्येकीपुढे दुरुस्तीची तारीख लिहिली.


वाघूर (जळगाव)

आता मलाही विषयाचे गांभीर्य लक्षात आले. पण मग हे फोटो इंटरनेटवर टाकल्यावर घरट्याचा पत्ता कोणालाही कळेल, त्याचे काय?


गिरणाथडी (चाळीसगाव)

वाघूर भाऊंनी योग्य जागी बोट ठेवले आहे. मूळ फाइल ठिकाणासह आपल्याकडे दोन जागी जपून ठेवावी आणि तिच्यात काहीही बदल करू नये. लोकांना दाखवायची प्रत वेगळी काढावी आणि तिच्यातून जीपीएसची माहिती एक्झिफटूलने पुसून टाकावी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवल्यास ती माहिती निघून जाते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास जशीच्या तशी जाते, हे लक्षात असू द्यावे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना ठिकाण धूसर ठेवण्याची सोय आहे. तिथे खरे ठिकाण नोंदीत राहते, पण लोकांना नकाशावर एक मोठा चौकोनच दिसतो. ठिकाण न सांगणे आणि खोटे सांगणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कोणी गैरवापर करील या भीतीने मुद्दाम शेजारच्या गावाचे नाव लिहिणारे मला भेटले आहेत. तसे कधीही करू नये.


गोमाईकाठ (शहादा)

ताईंचे म्हणणे पूर्ण पटले आणि तसेच केले आहे.

काल पहाटे दोन्ही पद्धती एकत्र तपासल्या. केबल कॅमेऱ्याला होतीच, आणि त्याच रिसीव्हरवर मागही नोंदवत ठेवला होता. सूर्य वर आल्यावर रानपिंगळा एका वाळलेल्या सागाच्या शेंड्यावर येऊन बसला. हा पक्षी दिवसा उन्हात बसतो, म्हणूनच माझ्यासारख्याला त्याचा फोटो मिळतो. चिन्ह स्थिर असल्याची खात्री करून मी चौदा फोटो काढले. मग तो उडाल्यावर झाडाच्या बुंध्याशी जाऊन रिसीव्हर खोडाला टेकवून तिसरी नोंद घेतली, कारण कॅमेऱ्यात लिहिलेले ठिकाण मी उभा होतो तिथले असते, पक्षी बसला होता तिथले नव्हे.

घरी आल्यावर तिन्ही आकडे मांडले. केबलने लिहिलेले ठिकाण आणि मागावरून काढलेले ठिकाण यांत दोन मीटरांचाही फरक नव्हता. बुंध्यापाशी घेतलेले ठिकाण त्यांपासून ईशान्येला ४१ मीटर निघाले. मी पावले मोजली होती. ती ५६ भरली. वहीत आता दोन रकाने केले आहेत, एक उभे राहिलेल्या जागेचा आणि एक पक्ष्याचा.